बैलाला आज, लेकराला उद्या!



मृग तोंडावर आला की आपल्याकडे एक काम न चुकता होते. गुरांच्या दवाखान्यातला माणूस गावात आला, की आपण हातातले काम टाकून बैलजोडी त्याच्यापुढे उभी करतो. घटसर्पाची टोचून घेतो, एकटांग्याची टोचून घेतो. आपल्याला त्यासाठी कोणी भाषण द्यावे लागत नाही. बैल पेरणीच्या तोंडावर मेला तर काय होते ते आपल्याला पाठ आहे.

२०२२ साली लम्पी आला. जळगावकडून निघाला आणि बुलडाणा, अकोला, अमरावतीत घुसला. गुरांचे बाजार बंद झाले. गोठ्यागोठ्यात गाठी आलेली जनावरे उभी राहिली. त्या वेळी आपण काय केले? सरकार लस कधी आणते म्हणून ओरड केली, पशुसंवर्धन खात्याच्या दारात जाऊन बसलो, डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून गावात आणले. शेळ्यांच्या देवीची ती लस गायीबैलांना चालते का, असा प्रश्नही फारसा कोणी विचारला नाही. महाराष्ट्रात त्या मोहिमेत कोटीच्या वर जनावरांना लस टोचली गेली, तीही फुकट. आपण मागून घेतली, भांडून घेतली.

आता दुसरे चित्र पाहा. महिन्यातून एक दिवस अंगणवाडीत नर्सबाई येते. आशाताई आदल्या दिवशी घरोघर सांगून जाते. बाया लेकरे घेऊन बसतात. तिथे पुरुष किती असतात? कोणाच्या नातवाची कोणती मात्रा राहिली आहे, हे किती जणांना माहीत असते? बैलाचे दात किती, हे आपण झोपेत सांगू. लेकराची गोवराची दुसरी सुई झाली का, हे विचारले की आपण घरात तोंड करून हाक मारतो, "अवं, त्या पोट्ट्याची सुई झाली का?"

बैलाला आज आणि लेकराला उद्या. हा लेख त्या 'उद्या'च्या विरोधात आहे.

सुरुवात माझ्यापासून

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझा गुन्हा सांगतो. आमचे शेत सातपुड्याच्या पायथ्याकडच्या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर मेळघाटातून वेचणीला कोरकू मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्याही वर्षी उतरल्या. एका बाईजवळ अकरा महिन्यांचे लेकरू होते. धुऱ्यावर बाभळीला झोळी बांधून ती वेचत असे. एका सकाळी ती म्हणाली, "मालक, गावात लेकराले सुई देते म्हणतात. जाऊ का?"

आभाळ भरून आले होते. बोंडे फुटून कापूस लोंबत होता. मी म्हणालो, "बाई, कापूस भिजन ना! सुई पुढच्या मयन्यातबी भेटते." ती काही बोलली नाही. ओटी बांधली आणि ओळीला लागली. पाऊस त्या दिवशी आलाच नाही.

तीनेक आठवड्यांनी त्या लेकराचे डोळे लाल झाले. ताप, नाक गळते, मग अंगभर पुरळ. सगळ्यांनी सांगितले, गोवर आहे, निघून जाईल. खोपडीला कडुनिंबाचा डहाळा लागला. आमच्या घरची माणसे भाजीभाकरी घेऊन तिच्याकडे गेली तेव्हा सात महिन्यांचा माझा नातू कडेवर होता. पुढच्या पंधरवड्यात तो तापाने फणफणला. गोवर, आणि गोवरावर न्यूमोनिया. अकोल्याला भरती करावे लागले. घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याने सांगितला त्या भावाने मापून दिला. अकरा दिवसांनी नातू घरी आला.

ती बाई लेकराला घेऊन पहाडात परत गेली होती. पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा ती एकटीच होती. मी विचारले. तिने नुसती मान हलवली.

त्या दिवशी सुई मिळाली असती तर ते लेकरू नक्की वाचले असते, असे शपथेवर मी सांगू शकत नाही. नऊ महिन्यांच्या सुमारास दिलेली गोवराची पहिली मात्रा शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी लेकरांना राखते, सगळ्यांना नाही. दुसरी मात्रा त्यासाठीच असते. पण शंभरात पंच्याऐंशीचा जोगवा मी एका दिवसाच्या वेचणीपायी नाकारला, एवढे खरे आहे. आणि माझ्या नातवाचे वय लस घेण्याइतकेही झाले नव्हते. त्याला राखणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या लेकरांना लस मिळालेली असणे. ती वाट मीच बंद केली होती.

ज्यांना आपण विसरलो ते रोग

आपल्यापैकी साठीच्या पुढच्या माणसांनी सदऱ्याची बाही वर करावी. दंडावर देवीचा व्रण दिसेल. 'देवीवाला' गावात आला की पोरे ज्वारीत लपत. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. नवस बोलून देवी गेली नाही. गावोगाव शोधून, टोचून घालवली. ज्यांच्या तोंडावर देवीचे वण आहेत अशी माणसे आता गावात शोधूनही सापडत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते की हा रोग आपोआप गेला.

पोलिओचेही तसेच. चाळिशी-पन्नाशीतला, एक पाय बारीक राहिलेला, गुडघ्यावर हात देऊन चालणारा माणूस बहुतेक गावात आहे. त्याच्यानंतरच्या पिढीत तसे कोणी दिसत नाही. देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाली. २००९ सालीसुद्धा देशात ७४१ रोगी सापडले होते. शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

धनुर्वात तर शेतकऱ्याच्या पायाखालीच आहे. त्याचे बीज मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहते. विळ्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचे आणि आठवड्याच्या आत बाळ दूध ओढेनासे होऊन ताठ पडायचे. घरचे म्हणायचे, बाहेरची बाधा झाली. आईला गरोदरपणात दिलेली सुई आणि स्वच्छ पात्याने कापलेली नाळ, एवढ्यावर ही बाधा पळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. पण लक्षात ठेवा, उच्चाटन झाले म्हणजे माती बदलली नाही. धनुर्वात माणसापासून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या सुईचा इथे उपयोग नाही. ज्याची त्याने घ्यायची.

घटसर्प हे नाव आपण बैलासाठी वापरतो. माणसाच्या लेकराचाही एक घटसर्प असतो. रोग वेगळा, जंतू वेगळा, पण नाव उगीच सारखे पडलेले नाही. घशात राखाडी पापुद्रा धरतो, गळा सुजतो, श्वास कोंडतो. डांग्या खोकल्यात लेकरू खोकता खोकता निळे पडते. आज बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पाचरोगी सुई देतात, तीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' कावीळ आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा एक जंतू या पाचांचा बंदोबस्त असतो. सोबत पोलिओ, जुलाबाची रोटा लस आणि न्यूमोनियाची दुसरी लस. ही न्यूमोनियाची लस खासगी दवाखान्यात घेतली तर एकेका मात्रेला काही हजार रुपये मोजावे लागतात. अंगणवाडीत तीच फुकट आहे.

फरदड ठेवणारा आणि लस चुकवणारा

गोवर कसा पसरतो, हे कापूसवाल्याला समजावून सांगणे सोपे आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आपली काय दशा केली ते आठवा. अळी का वाढली? हंगाम संपला तरी लोकांनी फरदड ठेवली. डिसेंबरनंतर शेतात उभी पऱ्हाटी म्हणजे अळीला उन्हाळाभर राहायला घर. गावातल्या नव्वद जणांनी पऱ्हाटी उपटली आणि दहा जणांनी ठेवली, तर पुढच्या वर्षी अळी त्या दहाच्या शेतात थांबत नाही. नव्वद जणांच्या बोंडात शिरते.

गोवराला फरदड म्हणजे लस न घेतलेले लेकरू. एका गोवराच्या रोग्यापासून, आजूबाजूला कोणीच राखलेले नसेल, तर बारा ते अठरा जणांना रोग होतो. रोगी उठून गेला तरी त्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच लेकरू रोग वाटत फिरते. म्हणजे कडुनिंबाचा डहाळा दाराला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. हा रोग गावात शिरू द्यायचा नसेल तर शंभरातल्या पंच्याण्णव लेकरांना दोन्ही मात्रा मिळाल्या पाहिजेत. ऐंशी झाले, नव्वद झाले, यावर इथे पास होता येत नाही.

आणि त्या पंच्याण्णवात मजुराची लेकरे धरायची. आपल्या शेतात झोळीत झोपलेले लेकरू कोणत्या तालुक्याचे, कोणत्या जातीचे, कोणत्या बोलीचे, हे गोवर विचारत नाही.

"गोवर सगळ्यांनाच होतो, निघून जातो," असे म्हातारी माणसे सांगतात. जी निघून गेली ती सांगायला उरली नाहीत. अर्धपोटी लेकराला गोवर न्यूमोनियात आणि जुलाबात नेतो, डोळे नेतो, कान नेतो. वर आणखी एक नुकसान करतो. पूर्वी होऊन गेलेल्या रोगांची शरीराने धरलेली ओळखच पुसून टाकतो. त्यामुळे गोवरातून उठलेले लेकरू पुढे कित्येक महिने दुसऱ्या रोगांना बळी पडते. त्यात आपण फोडणी बंद, तेल बंद, अंघोळ बंद, कधी दूधही बंद करतो. लेकराला गोवर झालाच तर आधी दवाखान्यात न्या. तिथे 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. आणि लेकराला खाऊपिऊ घाला. अंगावर पिणाऱ्याला पाजत राहा. डहाळा लावायचा तर लावा, पण उपास घडवू नका.

"सरकारवर भरवसा नाही" म्हणणाऱ्यांना

आपल्याच बैठकांत काही जण म्हणतात, जे सरकार आपल्या कापसाला भाव देत नाही ते आपल्या लेकरांचे भले कशाला पाहील? प्रश्न ऐकायला झणझणीत आहे. उत्तरही सरळ देतो.

सरकारवर डोळे झाकून भरवसा ठेवा, असे मी म्हणतच नाही. सुई आणि सरकार यांचा आपल्याला वाईट अनुभव आहे. आणीबाणीत नसबंदीचे 'टार्गेट' पुरे करायला माणसे जीपमध्ये कोंबून नेली. खेड्यातली माणसे पुढे कित्येक वर्षे दवाखान्याची गाडी दिसली की शेतात पळाली, त्यात त्यांची चूक नव्हती. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. लेकरे वाचली, पण हा गाढवपणा विसरायचा नाही.

पण घाटंजीत गुन्हा लसीचा होता की लस न पाजण्याचा? बियाणे बोगस निघाले म्हणून आपण पेरणी सोडत नाही. दुकानदाराला धरतो, पावती मागतो, पंचनामा मागतो. इथेही तेच करायचे. शीशी हातात घेऊन पाहायची. फवारणीच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, तसा लसीच्या शीशीवर एक गोल आणि गोलाच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोनाचा रंग गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल तर लस उन्हाने मेली, ती घ्यायची नाही. गोवराच्या लसीत पाणी मिसळल्यावर ती चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. केव्हा मिसळली, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. प्रत्येक लेकराला नवी सुई, नवी सिरिंज, हे डोळ्यांनी पाहायचे. चौथी पास माणसालाही हे जमते.

काही जण सुईच्या तापाला भितात. पाचरोगी सुईनंतर एखाद-दोन दिवस अंग तापते, मांडी दुखते. ते शरीर कामाला लागल्याचे लक्षण आहे. ताप उतरेना, लेकरू सुस्त पडले किंवा झटका आला तर लगेच दवाखाना गाठायचा, हेही खरे. पण तुलना करून पाहा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. दोन-तीन औषधे एका पंपात कालवून, तोंडाला फडके न बांधता फवारणारे आपण, लेकराच्या एका दिवसाच्या तापाला घाबरतो!

तिसरे म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी. लसीने पोरे नपुंसक होतात, लसीने पोरे मतिमंद होतात. गोवराच्या लसीने लेकराच्या डोक्यावर परिणाम होतो, ही कंडी १९९८ साली विलायतेतल्या एका डॉक्टरच्या लेखाने उठली. तो लेख खोटा निघाला, छापणाऱ्या मासिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्या डॉक्टरची सनद गेली. पण मागे घेतल्याची बातमी मोबाइलवर कोणी पुढे ढकलत नाही. राहिली गोष्ट नपुंसक होण्याची. ज्यांना लहानपणी पोलिओचे थेंब पाजले ती पोरे आज बाप झाली आहेत. गावात मोजून घ्या.

"ही परक्यांची विद्या," असेही कोणी म्हणते. लसीचा जन्म गोठ्यातला आहे. विलायतेत गायी दोहणाऱ्या बायांना देवी होत नाहीत, हे खेडूत लोकांना माहीत होते. गायीच्या सडावरच्या फोडाचा संसर्ग त्यांच्या हाताला झालेला असे आणि तोच त्यांना राखत असे. १७९६ साली जेन्नर नावाच्या डॉक्टरने ती गोष्ट घेऊन लस केली. १८०२ च्या जूनमध्ये ती मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली आणि तिथून देशभर गेली. गुराख्यांच्या आणि गवळणींच्या अनुभवातून निघालेली ही विद्या आपली नाही, तर कोणाची?

लस पुण्याची, दुष्काळ वऱ्हाडात

आता सरकारचा हिशेब. मात्रांच्या हिशेबाने जगातला सर्वांत मोठा लसीचा कारखाना पुण्यात आहे. १९६६ साली निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस देशोदेशी जाते. मुंबईच्या परळला हाफकीन आहे. त्या हाफकीनने १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांना दिली. त्याच संस्थेतून पुढे पोलिओचे थेंब देशाला मिळाले. असे हे राज्य. या राज्यात लेकरांचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. एक ते दोन वर्षांच्या लेकरांपैकी सर्व मूळ लसी मिळालेली लेकरे महाराष्ट्रात १९९८-९९ साली शंभरात ७८ होती. २००५-०६ साली ५९ झाली. २०१५-१६ साली ५६. २०१९-२१ च्या पाहणीत ७३.५ वर आली, तेव्हा देशाची सरासरी ७६.४ होती. म्हणजे वीस वर्षांनंतरही आपण जिथे होतो तिथे पोचलो नव्हतो आणि देशाच्याही मागे होतो. पीक घटले तर आपण पंचनामा मागतो. ही घट आली तेव्हा कोणत्या आमदाराने विधानसभा बंद पाडली?

त्याची किंमत २०२२ च्या अखेरीस मोजावी लागली. मुंबईत गोवंडीच्या वस्तीत, भिवंडीत, मालेगावात गोवर फुटला. लेकरे दगावली. करोनाच्या काळात चुकलेल्या मात्रांचे ते देणे होते. बळी कोणाची लेकरे गेली? दाटीच्या झोपड्यांत राहणाऱ्या कष्टकऱ्यांची. खेड्यातून पोट भरायला गेलेल्यांची.

इथे कोणी म्हणेल, सरकार फुकट देते म्हणून घ्यायचे का? ही भीक नाही. डिझेलवर, खतावर, फवारणीच्या औषधावर आपण जो कर भरतो त्यातून ही लस येते. आपल्याच पैशाची वस्तू आपल्याच दारात येऊन परत जाऊ देणे, याला स्वाभिमान म्हणत नाहीत. याला तोटा म्हणतात. खरा स्वाभिमान तिथे आहे, की नर्सबाई आली नाही तर दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन जाब विचारायचा. उपकेंद्राला कुलूप का, हे विचारायचे. लसीचा फ्रीज असा असतो, की चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतली थंडी टिकते. भारनियमन होते म्हणून लस नासली, ही सबब ऐकून घ्यायची नाही. बिघडलेला फ्रीज दुरुस्त का झाला नाही, एवढे विचारायचे.

बैठकीपुढचा ठराव

भाषणे पुष्कळ झाली. या बैठकीत पुढील गोष्टी ठरवून उठावे, ही विनंती आहे.

एक. वेचणीच्या, सोंगणीच्या हंगामात ज्याच्या शेतात मजूर टोळी आहे त्याने गावातल्या लसीकरणाचा दिवस मुकादमाला आदल्या रात्री सांगायचा. ज्या बायांची लेकरे पाच वर्षांच्या आतली आहेत त्यांना त्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी. वेचणीचे दाम किलोमागे असते, सुट्टी घेतली की बाईची मजुरी बुडते. म्हणून अर्ध्या दिवसाचे वीस किलोचे दाम शेतमालकाने भरायचे. हे दाम दोनशे रुपयांच्या आसपास होते. माझे त्या हंगामात दोनशे रुपये वाचले होते. ते मला किती महाग पडले, ते वर सांगितले आहे.

दोन. लेकरू दुसऱ्या गावचे आहे म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. लस कोणत्याही गावी घेता येते. कोणी परत पाठवले तर गावातल्या कार्यकर्त्याने तिथेच उभे राहायचे. सकाळी दहा ते चार या वेळात मजूर शेतात असतो. हंगामात लसीकरण सकाळी लवकर किंवा शेतातल्या खोपड्यांवर व्हावे, ही मागणी दोन्ही जिल्हा परिषदांकडे लेखी द्यावी.

तीन. चुकलेली मात्रा म्हणजे गेलेली मात्रा नव्हे. गोवराची पाच वर्षांपर्यंत देता येते. मधली एखादी सुई चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, पुढून चालू करता येते. साधी सर्दी, बारीक ताप असला तरी लस देता येते. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची पहिली, सोळा महिने झाले की दुसरी, एवढे दोन आकडे घरातल्या पुरुषाने पाठ करावे.

चार. प्रत्येक गावात दोन कार्यकर्त्यांनी आशाताईकडून राहिलेल्या लेकरांची यादी घ्यावी आणि पुढच्या जिल्हा बैठकीत सांगावी. कापसाच्या आवकेचे आकडे जसे सांगतो, तसेच हेही आकडे सांगायचे.

पाच. लसीकरणाचे कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावे. ती पिशवी आपण हरवू देत नाही.

भावांनो, गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लेकरू आजारी पडले की बकऱ्याचा नवस बोलणाऱ्यांवर त्यांनी कीर्तनातून कोरडे ओढले. आज आपण बकरा बोलत नाही, पण 'उद्या' बोलतो. कापूस एक दिवस झाडावर राहिला तर फार तर भिजतो. वाळवता येतो, भाव थोडा पडतो. या हंगामात माझ्या शेतात टोळी उतरेल तेव्हा लसीकरणाच्या दिवशी वेचणी दुपारनंतर सुरू होईल. तुमच्या शेतात केव्हा सुरू होईल, ते या बैठकीत हात वर करून सांगा.